सोलापूरच्या चादर-टॉवेल कारखानदारांना खुलं पत्र: एआय आणताय तर आधी कामगारांना बोलवा

नमस्कार मालक,

हे पत्र सोलापुरातल्या समस्त यंत्रमागधारकांना, चादर-टॉवेलवाल्यांना, एक्स्पोर्ट करणाऱ्यांना आणि खास करून तुमच्या घरातल्या त्या पोरापोरींना आहे जे आता इंजिनिअरिंग, एमबीए करून कारखान्यात बसायला लागलेत. मी तुमच्यातल्याच काही जणांकडं काम केलेला डिझायनर आहे, पूर्व भागात ज्याला अजून ग्राफवाला म्हणतात तो. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचा नकाशा, काढण्यापासून कॉम्प्युटरवर डिझाइन करण्यापर्यंत सगळं केलंय, चादर, टॉवेल, नॅपकिन, देवाच्या फोटोचं वॉल हँगिंग, सगळं. नाव लिहीत नाही कारण विषय माझ्या एकट्याचा नाही आणि मला अजून याच गावात काम करायचंय.

गेल्या काही महिन्यांत ज्या ज्या ऑफिसात गेलो तिथं एआयचाच विषय. कोणी चॅटजीपीटीवरून परदेशातल्या पार्टीला मेल लिहून घेतोय, कोणी मोबाईलवर दोन ओळी टाईप करून मोर नाहीतर कमळ काढून दाखवतोय आणि म्हणतोय बघा की ओ, हे मिनिटात झालं, तुम्ही आठ-आठ दिवस लावता. एका कारखान्यात टॉवेल तपासायला एआयचा कॅमेरा बसवायचं कोटेशन टेबलावर पडलेलं होतं, आणि भिंतीच्या पलीकडं ज्या बायका खाली बसून टॉवेल तपासत होत्या त्यातल्या एकीलाही त्याची खबर नव्हती. ते बघितलं आणि तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. एआय येणार, येऊ द्या, मी आडवा पडायला आलेलो नाही. पण हे मशीन शिकणार कशावरून? आमच्या ग्राफवरून, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या कानावरून, चेकिंगच्या अक्कांच्या डोळ्यावरून. मग ज्यांच्याकडून शिकणार त्यांना आधी बोलवा, आधी सांगा, आणि जो काही फायदा होणार त्यात त्यांचा हिस्सा मशीन बसायच्या आधी ठरवा. एकदा मशीन बसलं की बोलायला कोण थांबतंय.

आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुठल्या धंद्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे, कारण कॉम्प्युटरचं मूळच मागावर आहे. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जेकार्डनं १८०४ च्या सुमाराला तो माग काढला ज्यात पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडून ठरायचं की कुठला धागा उचलायचा, भोक असेल तर हुक वर जाणार, नसेल तर नाही जाणार, बास, एवढ्या दोन गोष्टींवर अख्खी फुलंपानं विणून निघायची. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं तीच कार्डाची आयडिया आपल्या गणिताच्या मशीनसाठी घेतली, त्याच्याकडं तर जेकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं ज्याला जवळपास २४ हजार कार्डं लागली होती. एडा लव्हलेस नावाच्या बाईनं १८४३ मध्येच लिहून ठेवलंय की जेकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे मशीन बीजगणित विणतं. पुढं अमेरिकेत हर्मन हॉलरिथनं १८९० ची जनगणना भोकाच्या कार्डांवर मोजली आणि त्याच्या कंपनीतूनच पुढं आयबीएम उभी राहिली. म्हणजे आपल्या चादरीच्या मागावर जी कार्डांची माळ खडखड फिरत आली तिचेच हे सगळे पुढचे वंशज. सोलापूरच्या पोराला शाळेत हे कोणी सांगत नाही याचं मला लई वाईट वाटतं.

लिऑनची पुढची गोष्ट पण सांगतो. १८३१ मध्ये तिथले विणकर रस्त्यावर उतरले, आणि त्यांची मागणी होती मजुरीच्या दराची. व्यापाऱ्यांनी एक दर ठरवून पाळावा, एवढंच. माग तर तिथं राहिलाच, वाढला सुद्धा, भांडण होतं ते मागातून जे पैसे निघतात ते कुणाच्या घरी किती जाणार याचं. दोनशे वर्षं होत आली, प्रश्न तोच आहे.

आता डिझाइनचं बघू, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि यात तुमचा गैरसमज होतोय असं मला वाटतं. मोबाईलवर जो मोर येतो ना, ते चित्र आहे, ते डिझाइन नाही. त्यात शंभर छटा असतात, आपल्याकडं दोन नाहीतर तीन रंगाचा धागा. आपली चादर दोन पदराची, वरचा रंग खाली जातो खालचा वर येतो, म्हणून तर उलटी केली तरी तेच डिझाइन रंग पलटून दिसतं आणि म्हणून तर लोक सोलापुरी चादर नेतात. त्या मोराची मान अशी ठेवावी लागते की धागा लांब सुटणार नाही, सुटला की धुण्यात अडकतो आणि तुटतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. जेकार्डला हुक किती, फणी कुठली, इंचात धागे किती, रिपीट म्हणजे परत परत येणारी नक्षी कुठं जुळणार, बॉर्डरचा कोपरा कसा वळणार, टॉवेल असेल तर पाईल, म्हणजे वर उठलेली धाग्याची लव, कुठं उठवायचा कुठं बसवायचा, हे सगळं त्या चित्रात कुठंच नसतं. परवा एकानं असंच एआयचं फूल मला दिलं, फार देखणं होतं, मी खोटं बोलणार नाही, पण ते मागावर चढवायला मला पहिल्यापासून परत काढावं लागलं.

पण मी हे सांगून स्वतःची समजूत काढणार नाही. आज जमत नाही ते उद्या जमेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा मराठीत चार वाक्यं धड लिहिताना अडखळत होतं आणि आता बघा. चित्रावरून थेट ग्राफ काढणारं, फ्लोट म्हणजे लांब सुटलेला धागा तपासणारं, रिपीट जुळवणारं सॉफ्टवेअर पण येणार, काही प्रमाणात आलेलंच आहे. आणि ते जितकं चांगलं येईल तितकं त्याला चांगल्या ग्राफचं खाद्य लागणार. ते खाद्य कुठाय? तुमच्या माळ्यावर.

इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, हीच खरी पत्राची गोष्ट आहे. सोलापुरात जुन्या कारखान्यांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागं ग्राफच्या गुंडाळ्या पडल्यात. ज्यांनी ते काढले त्यातले कित्येक आता नाहीत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आपल्या बरोबर जे हातमागाचं ज्ञान आणलं ते त्यात आहे, मराठी घरातल्या रुखवतात जायच्या चादरीची फुलं त्यात आहेत, वाघ, मोर, हत्ती, वेलबुट्टी, सगळं. कागदाच्या कोपऱ्यावर तेलुगूत बारीक अक्षरात धाग्याचा हिशोब लिहिलेला असतो. आणि कार्डाचे ढीगच्या ढीग मी माझ्या डोळ्यांनी रद्दीच्या भावात जाताना बघितलेत. आता सॉफ्टवेअर विकणारे लोक यायला लागलेत, ते म्हणतात तुमचे जुने नमुने सगळे स्कॅन करून द्या, आम्ही त्याच्यावर एआय ट्रेन करून देतो, पहिलं वर्ष फुकट. फुकट म्हटलं की आपल्या माणसाचा हात लगेच पुढं होतो, मला माहीत आहे. पण मालक, जरा थांबा. एकदा ते नमुने त्यांच्या मशीनमध्ये गेले की मग ते परत काढता येत नाहीत. दुधात विरघळलेली साखर कोण वेगळी करणार? उद्या तेच मशीन दुसऱ्या राज्यातला कारखानदार महिन्याचं भाडं भरून वापरणार आणि सोलापुरी वळणाची चादर तुमच्यापेक्षा स्वस्तात काढणार. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही आपली जुनी बोंब आहे, त्याला आपण आपल्या हातानं बळ देणार का?

कायदा काय म्हणतो तेही बघा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच पाहिजे. पण जीआय नावाचं रक्षण करतो, या भागाबाहेरच्या मालाला सोलापुरी म्हणता येत नाही एवढं ते. फुलाची वळणं, वाघाची ऐट, बॉर्डरचा वेल, याच्यावर जीआयचा हक्क नाही. डिझाइनसाठी वेगळा २००० सालचा कायदा आहे, त्यात नोंदणी केली तर १० वर्षं आणि वाढवून घेतली तर १५ वर्षं संरक्षण मिळतं, पण ते डिझाइन नवीन पाहिजे, आधी बाजारात आलेलं चालत नाही, म्हणजे आपला जुना खजिना त्यातून बाहेर. आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १५ तर असं आहे की नोंदणी करता येणारं डिझाइन नोंदणी न करता तुम्ही कारखान्यात ५० पेक्षा जास्त वेळा छापलं-विणलं की त्याच्यावरचा कॉपीराइटच संपतो. आपल्याकडं एका डिझाइनच्या ५० चादरी किती वेळात निघतात ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे कायद्यानं बघितलं तर माळ्यावरच्या त्या ढिगाला फारसा कोणी वाली नाही. त्याचं रक्षण एकाच गोष्टीनं होतंय, तो ढीग अजून तुमच्या कुलुपात आहे म्हणून. ज्या दिवशी कुलूप उघडून स्कॅन करून कुणाला पाठवलं त्या दिवशी ते पण संपलं.

म्हणून मला असं वाटतं की हे ग्राफ एकेकट्यानं विकायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी आणायचे. आपल्या गावात २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पोरं हुशार आहेत. त्यांना सांगा की नीट स्कॅन करा, प्रत्येक ग्राफ कुणी काढला, कुठल्या कारखान्यात चालला, कुठल्या जेकार्डवर, ते म्हाताऱ्या डिझायनरांना विचारून लिहून घ्या, अजून काही जण आहेत, कन्ना चौकात, दत्तनगरात, साखर पेठेत जाऊन विचारा, ते सांगतील, तेलुगूत सांगतील पण सांगतील. मग ज्याला त्याच्यावर एआय शिकवायचंय त्यानं करार करून, पैसे भरून शिकवावं, आणि त्या पैशातला ठराविक भाग डिझायनर आणि विणकरांच्या घरी जावा. सोलापुरातल्या लहान कारखानदाराला ते सोप्या दरात मिळावं, बाहेरच्याला महाग पडावं. हे काही आकाशातलं नाही. यार्न एकत्र घ्यायचं म्हटलं की तुम्ही एकत्र बसता, लाईटच्या दराचं आंदोलन करायचं म्हटलं की बसता, मग यासाठी का नाही बसणार?

आता चेकिंगच्या बायकांवर येतो. टॉवेल विणून झाला की कटिंग, हेमिंग, चेकिंग, पॅकिंग, यात बहुतेक सगळ्या बायका. आडवा धागा तुटलाय, उभा धागा गेलाय, पाईल कुठं बसलाय, तेलाचा डाग, काठाची शिलाई सुटलीय, त्या नुसता हात फिरवून सांगतात, बोलता बोलता, एकीकडं घरच्या गोष्टी चालू आणि एकीकडं खराब पीस बाजूला पडतोय. कॅमेरा हेच करणार. पण कॅमेऱ्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं, हजारो फोटो दाखवून सांगावं लागतं की हा फॉल्ट, हा नाही, हा चालेल, हा सेकंडला, म्हणजे दुय्यम मालात, जाईल. ते कोण सांगणार? पुण्या-बेंगळुरूत एसीत बसलेला इंजिनिअर? त्याला फर्स्ट आणि सेकंडमधला फरक कळायला सहा महिने जातील. सांगणार याच बायका, त्यांनी बाजूला टाकलेल्या पिसावरूनच मशीन शिकणार. म्हणजे स्वतःच्या नोकरीचं शेवटचं काम पण त्यांच्याकडूनच करून घेणार आणि त्याची मजुरी रोजच्या पिसाच्या हिशोबानं देणार, हे मला पटत नाही, तुम्हालाही नीट विचार केला तर पटणार नाही. त्या शिकवण्याचे वेगळे पैसे द्या, चांगले द्या. आणि मशीन बसल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवायला, ते चुकलं तर सांगायला त्यांच्यातल्याच बायका ठेवा, स्क्रीन बघायला इंग्लिश लागत नाही, लागलंच तर तेलुगू-कन्नड-मराठीत करून देता येतंय, केंद्र सरकारनं २०२२ पासून भाषिणी म्हणून भारतीय भाषांचंच काम चालवलंय. मी एका ठिकाणी एका अक्काला कॅमेऱ्याचा डेमो व्हिडिओ दाखवला तर ती लगेच म्हणाली, हे ओल्या टॉवेलला फसणार बघ, डागच समजणार. बरोबर होतं तिचं. हे ज्ञान फुकट घेण्यासारखं नाही.

मागचा अनुभव या गावाला आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, भोंगा वाजला की गाव उठायचं अशी एक पिढी होती. त्या एकेक करून बंद पडल्या त्याची कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी मला इथं उगाळायची नाहीत, पण एक गोष्ट घराघरात माहीत आहे की मिल बंद झाल्यावर घर कुणी चालवलं. बायकांनी. सुपात तेंदूपत्ता घेऊन दिवस दिवस विड्या वळून. त्या विड्यांवर पोरं शिकली. कामगाराला शेवटपर्यंत कुणी खरं सांगितलं नव्हतं, आज उघडेल उद्या उघडेल म्हणत लोक गेटवर जायचे. मला भीती एआयची कमी वाटते आणि या न सांगण्याची जास्त वाटते.

आणि त्या विडीवर शिकलेल्या पोरांचं पण बघा. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर करायचं, पुण्याला जायचं, सपोर्टमध्ये, टेस्टिंगमध्ये, डेटा एंट्रीत चिकटायचं, मग हळूहळू वर. हा आपल्याकडच्या गरीब घरातून वर यायचा जिना होता. एआय नेमकी त्याची खालची पायरी काढतंय, कारण नवीन पोरांना जे साधं काम देतात तेच ते आधी करतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं १२ हजाराच्या आसपास लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, कंपनीनं एआयमुळं असं म्हटलं नाही, कौशल्य जुळत नाही असं कारण सांगितलं, पण सोलापुरातल्या कित्येक घरात त्या दिवशी पुण्याला फोन गेले असतील. मालक, तुमच्याकडं आता मेल, कॅटलॉग, ऑनलाईन विक्री, डिझाइनचं सॉफ्टवेअर, हे जे नवीन काम तयार होतंय ते या पोरांना द्या. पुण्यातल्या एजन्सीला देऊ नका. विणकराच्या घरातली पोरगी, जिला पाईल म्हणजे काय ते लहानपणापासून माहीत आहे, ती एआयकडून जसं काम काढून घेईल तसं दुसरं कुणी घेऊ शकणार नाही.

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. सुताचा भाव वर-खाली, लाईटबिल, कामगार मिळत नाहीत, नवीन पिढी मागावर उभी राहायला तयार नाही, वर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के ड्युटी लावली तेव्हा टॉवेलवाल्यांची काय गत झाली ते मी जवळून बघितलं. लहान कारखानदाराला एआयचा खरा फायदा पण आहे. ज्याला इंग्लिश येत नाही म्हणून जो कायम मधल्या एजंटच्या हातात राहिला तो आता स्वतः जर्मनीच्या पार्टीला मेल करू शकतो, जीएसटीची नोटीस आली तर तिच्यात काय लिहिलंय ते समजून घेऊ शकतो, दहा-वीस मागावाला माणूस पण मोठ्यासारखा कॅटलॉग काढू शकतो. हे चांगलंच आहे आणि मी स्वतः दोन-तीन जणांना शिकवलंय, पुढं पण शिकवीन, पैसे न घेता. फक्त कॅटलॉगमध्ये एआयनं काढलेला असा टॉवेल टाकू नका जो आपण विणलेलाच नाही, गिऱ्हाईकाच्या हातात पीस पडला की गावाचं नाव जातं.

कामगारांना आधी सांगा म्हणतोय ते काही माझ्या मनचं नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होतं, कामाच्या अटीत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस, आणि त्याच्या यादीत असा बदल स्पष्ट लिहिलेला होता की यंत्रात किंवा पद्धतीत सुधारणा केल्यामुळं कामगार कमी होणार असतील तर तेही सांगायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसांची नोटीस कायम आहे. म्हणजे ७०-८० वर्षांपूर्वी ज्यांनी कायदा लिहिला त्यांना मशीन बदललं की माणसाला आधी सांगावं लागतं हे कळलेलं होतं. आता तुम्ही म्हणाल आमच्याकडं हजेरीपटावर किती नावं आहेत. तेच तर. ज्याचं नाव पटावर नाही, जो पिसावर काम करतो, त्याला कायद्याची नोटीस पोचतच नाही, म्हणून तर मी कोर्टात न जाता तुमच्याकडं आलोय.

आणि बसून ठरवता येतं याचं ताजं उदाहरण आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडमध्ये सिनेमा-सीरियल लिहिणाऱ्यांनी १४८ दिवस संप केला, त्यात एआय हा मोठा मुद्दा होता. शेवटी जो करार झाला त्यात एआयवर बंदी नाही आली, पण लेखक म्हणून एआयचं नाव लावता येणार नाही आणि एआयनं लिहिलेलं काही लेखकाला दिलं तर ते आधी सांगावं लागेल असं ठरलं. ते १४८ दिवस दोन्हीकडच्यांचं नुकसान झालं. आपल्याकडं कारखाना १४८ दिवस बंद राहिला तर मालक पण राहणार नाही आणि कामगार पण. त्यापेक्षा आधी बसू.

एक शेवटची गोष्ट जॉबर लोकांविषयी, ती राहिली. मागाच्या आवाजावरून कुठं बिघडलंय ते ओळखणारी माणसं आहेत आपल्याकडं, लांबून ऐकून म्हणतात तिसऱ्या लाईनचा माग बघ, काय करलालाय तो. आता मोटरला सेन्सर लावून कंप मोजून बिघाड आधी सांगणारी सिस्टिम निघालीय. चांगली आहे. पण तिला आपल्या जुन्या मागांचे आवाज ओळखायला शिकवायचं तर या माणसांनाच शेजारी बसवावं लागेल, आणि त्यातले बरेच साठीच्या पुढं गेलेत. त्यांच्या पगारात वाढ करून त्यांना दोन वर्षं नुसतं शिकवायला ठेवा, पोरांना पण आणि मशीनला पण. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून चालणार नाही, माणसं थांबत नाहीत.

तर मागणी अशी आहे. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली की लगेच एक बैठक लावा. मालक, डिझायनर, जॉबर, विणकर, चेकिंग-हेमिंगच्या बायका, कामगार संघटना, विद्यापीठातले मास्तर, सगळे एका हॉलमध्ये. बायका नुसत्या मागं बसायला नकोत, त्यांना बोलायला द्या, तेलुगूत बोलल्या तर कोणीतरी मराठीत सांगेल. तिथं तीन गोष्टी कागदावर आणा, जुने ग्राफ कुणीही एकट्यानं बाहेर द्यायचे नाहीत, मशीन आणायच्या आधी किती दिवस कामगारांना सांगायचं, आणि ज्यांच्याकडून मशीन शिकणार त्यांना काय द्यायचं. आकडे तिथं बसून ठरवू, मी इथं एकटा ठरवणार नाही. तोपर्यंत कुणाला स्कॅन करायला पेटारे देऊ नका, एवढं तरी ऐका.

माझ्याकडं माझे स्वतःचे आणि माझ्या गुरूंनी मला दिलेले ग्राफ आहेत, ते मी त्या दिवशी घेऊन येतो आणि पहिल्यांदा मीच टेबलावर ठेवतो. बैठक सुट्टीच्या दिवशी ठेवा म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही.

तुमचाच,
पूर्व भागातला एक ग्राफवाला
सोलापूर